संस्था-संरचना

संस्थेचे व्यवहार, त्यांना लागणारी माहिती, ती हाताळणाऱ्या संगणक-आज्ञावली व त्यांना आधारभूत असलेली यंत्रसामग्री या चार स्तरांची, त्यांच्या परस्परसंबंधांसह केलेली पद्धतशीर मांडणी. इंग्रजीत हिला ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ म्हणतात. आयबीएम कंपनीतील जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली चौकट हा या विषयाचा पाया मानला जातो. अमेरिकेच्या १९९६ च्या क्लिंगर-कोहेन अधिनियमाने माहिती-तंत्रविद्येची सुसंगत संरचना तयार करण्याची व टिकविण्याची जबाबदारी संघीय खात्यांच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यांवर टाकली.

स्तरांमधील संबंध सारणीने दाखवितात. आडव्या ओळींत व्यवहार व उभ्या स्तंभांत माहितीचे प्रकार लिहून, कोणता व्यवहार कोणती माहिती निर्माण करतो व कोणती केवळ वापरतो, हे चौकटीत खुणांनी नोंदवितात. उदा., बँकेत खाते उघडताना व कर्ज देताना ग्राहकाचा पत्ता स्वतंत्रपणे नोंदविला जात असेल, तर पत्त्याच्या स्तंभात निर्मितीच्या दोन खुणा पडतात. एकीकडे बदललेला पत्ता दुसरीकडे जुनाच राहण्याचा धोका त्यांवरून आधीच कळतो. व्यवहार व आज्ञावली तसेच आज्ञावली व यंत्रसामग्री यांच्याही सारण्या केल्यास, एखादा संगणक बंद पडल्यावर कोणती सेवा थांबेल, हे सांगता येते. प्रत्यक्ष बदलांबरोबर सारण्या सुधारल्या नाहीत, तर मात्र ही उत्तरे चुकतात.