बाप्पाचा फोटो आणि उजेडाचे गैरसमज

पेणच्या गणपतीची निवड हल्ली बऱ्याचदा मोबाइलच्या पडद्यावरच होते. हमरापूर, जोहे, कळवे या गावांतल्या कारखान्यांतून मूर्तींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातात आणि ठाण्या-पुण्याचं गिऱ्हाईक त्यातून मूर्ती पसंत करतं. परदेशी जाणारी मूर्ती तर पेटी उघडेपर्यंत घेणाऱ्यानं फोटोतच पाहिलेली असते. अशा वेळी पितांबराचा पिवळा हिरवट उतरला किंवा डोळ्यांची आखणी सपाट दिसली, तर कमीपणा येतो तो कारागिराच्या हाताला. श्वास रोखून आखणी करणाऱ्या माणसाचं काम चुकीच्या उजेडामुळे हलकं दिसावं, हे मला सहन होत नाही. रोह्यात घरबसल्या कडवे वाल, पापड, साड्या विकणाऱ्यांचाही प्रश्न हाच आहे. पडवीत किंवा माडीवरच्या खोलीत छोटा स्टुडिओ थाटायची गरज आता अनेक घरांत आहे. पैसे मात्र ऐकीव गोष्टींवर खर्च होतात.

‘वॅट जास्त, तेवढा फोटो चांगला’

वॅट हे विजेच्या खर्चाचं माप आहे, उजेडाचं नव्हे. हॅलोजन एका वॅटमागे साधारण २० ल्युमेन उजेड देतो, चांगला एलईडी ८० ते १०० सहज देतो. हॅलोजनला दिलेली बाकीची वीज उष्णता होऊन जाते. मांडववाल्याकडून आणलेला हॅलोजन शाडूच्या कच्च्या मूर्तीजवळ लावला, तर तापलेली बाजू आधी सुकते आणि मातीला तडे जातात. फोटोसाठी मूर्ती तडकवण्यात काय अर्थ?

शिवाय मूर्ती हलत नाही. कॅमेरा किंवा मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट बसवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि शटर अर्धा सेकंद उघडं राहू द्या. साध्या २० वॅटच्या एलईडीतही फोटो स्वच्छ येतो. जोरदार उजेड लागतो तो रांगत्या बाळाच्या फोटोला, पाटावर स्थिर बसलेल्या बाप्पाला नाही.

उजेड कमी वाटला तर नवा लाइट घेण्याआधी असलेला जवळ आणून पाहा. छोटा लाइट दोन मीटरवरून एका मीटरवर आणला की मूर्तीवर पडणारा उजेड साधारण चौपट होतो.

‘डिफ्युझर लावला की उजेड मऊ होतो’

नवख्यांचे सर्वांत जास्त पैसे या समजुतीनं वाया जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

सावलीची कड तीक्ष्ण येणार की विरघळत जाणारी, हे मूर्तीच्या जागेवरून लाइट किती मोठा दिसतो त्यावर ठरतं. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्यामुळे आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी अंगणात सावली कापल्यासारखी पडते. तोच सूर्य आषाढात ढगांआड गेला की अख्खं आकाश दिवा बनतं आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. ढगांनी केलेलं काम लक्षात घ्या: त्यांनी उजेडाचा उगम मोठा केला. छोट्या एलईडीच्या तोंडावर छोटंसं पांढरं प्लास्टिक बसवलं, तर उगम तेवढाच राहतो. उजेड कमी होतो, मऊ होत नाही.

म्हणून ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाइटवर बसणारी, समोर पांढरं कापड असलेली पेटी, दीड फुटी मूर्तीपासून दोन-अडीच फुटांवर, फोटोच्या चौकटीच्या अगदी कडेला ठेवला, तर गालावरची छटा अलगद उतरते. तोच सॉफ्टबॉक्स डोळ्यांना प्रखर वाटतो म्हणून बारा फुटांवर नेला की मूर्तीसाठी तो छोटासा चौकोन उरतो आणि सोंडेची सावली पोटावर काळी ठळक पडते. ‘लाइट लांब ठेवा, म्हणजे सौम्य पडेल’ हा सल्ला आपल्या भागात सर्रास मिळतो आणि तो नेमका उलटा आहे.

सॉफ्टबॉक्सऐवजी लाइटला लावतात ती छत्री स्वस्त असते, उघडायला सोपी असते, पण तिचा उजेड खोलीभर सांडतो. पोपटी किंवा गुलाबी रंगाच्या भिंतींच्या खोलीत तो भिंतीवर आपटून, रंग घेऊन मूर्तीवर परत येतो. अशा घरात सॉफ्टबॉक्सच बरा. आणि मोठी खिडकी असेल, तिच्यात थेट ऊन येत नसेल, तर तिच्यावर पांढरं सुती कापड ताणून एक सकाळ घालवा. ज्याला खिडकीचा उजेड वाचता येतो, तो लाइट घेताना सहसा फसत नाही.

‘मुकुट चमकतोय, उजेड कमी करा’

पेणच्या मूर्तीचं वैभव सोनेरी रंगात आहे: मुकुट, हार, तोडे, कंबरपट्टा, वर खड्यांचं काम. फोटोत नेमकी हीच जागा बिघडते. मुकुटावर पांढरा ठिपका पेटतो आणि बाकीचा मुकुट मातकट दिसतो. उजेड कमी केला तर ठिपका थोडा मंदावतो, मुकुट मातकटच राहतो.

कारण सोनेरी पृष्ठभाग समोर जे असेल तेच दाखवतो. समोर अंधारी खोली असेल तर तो तपकिरी दिसतो, समोर बारीक बल्ब असेल तर तपकिरीवर एक पांढरा डाग. त्याला समोर मोठं, उजळ, पांढरं काहीतरी ‘पाहायला’ द्यावं लागतं. सॉफ्टबॉक्स बाजूला आणि थोडा वर घ्या, दुसऱ्या बाजूला पांढरा फोमबोर्ड किंवा जाड पांढरा कार्डशीट मूर्तीच्या इतका जवळ उभा करा की तो चौकटीबाहेर जेमतेम राहील. हाराचे मणी एकेक करून गोल दिसू लागतात. चमक कुठे उमटणार हे ठरवणारा नियम शाळेतलाच आहे: प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. म्हणून लाइट वीतभर सरकवला की चमकही सरकते. कॅमेऱ्यामागे उभं राहून दुसऱ्याला लाइट हळूहळू हलवायला सांगा, योग्य जागा डोळ्यांना लगेच कळते.

पोलरायझर फिल्टर लावला की प्रश्न मिटतो, असंही सांगतात. वार्निशची, काचेची, पाण्याची झळाळी तो बऱ्यापैकी कापतो. धातूसारखी चमक त्यानं फारशी जात नाही, आणि गेली तर सोनं सोनं दिसणार नाही.

‘पांढरा उजेड म्हणजे खरे रंग’

डोळा फार लवकर जुळवून घेतो, कॅमेरा तसं करत नाही. कारखान्यावर पावसासाठी निळी ताडपत्री घातलेली असते. तिच्याखाली दिवसभर बसणाऱ्याला ती निळाई जाणवत नाही, फोटोत मात्र बाप्पाचा गव्हाळ वर्ण आजारी दिसतो. त्यात डोक्यावर ट्यूबलाइट, बाजूला पिवळा बल्ब आणि दारातून दिवसाचा उजेड आला, तर तीन रंगांचे तीन उजेड एका मूर्तीवर पडतात आणि कुठलीही दुरुस्ती ते एकत्र सुधारू शकत नाही. फोटोपुरता एकच उजेड ठेवा, बाकीचे बंद करा. दारावर जाड पडदा सोडा.

लाइटच्या खोक्यावर दोन आकडे पाहायचे. पहिला केल्विन: ५६०० च्या आसपासचा उजेड दुपारच्या उन्हाच्या रंगाचा, ३२०० चा पिवळसर. दुसरा सीआरआय, म्हणजे लाइट रंग किती इमानानं दाखवतो त्याचं माप, १०० पैकी. घरातल्या बल्बांचा बहुधा ८० च्या आसपास असतो. फोटोसाठी ९५ किंवा वर हवा. इथे एक बारीक गोम आहे. ही सरासरी आठ फिकट रंगांवरून काढतात आणि गडद लाल त्यात धरलेला नसतो. त्याचा वेगळा आकडा असतो, आर९. जास्वंदीचा लाल, शेल्याचा लाल, कपाळावरचं गंध हे सगळं आर९ वर अवलंबून. सीआरआय चांगला आणि आर९ कमी, अशा लाइटखाली लाल रंग विटकरी दिसतो आणि दोष रंगकामाला दिला जातो. पेणसाठी लाइट घेणाऱ्यानं आर९ विचारलाच पाहिजे.

मोबाइलच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स लाइटच्या केल्विनवर बांधून ठेवा, नाहीतर लाल मूर्तीला एक रंग आणि पिवळीला दुसरा लागतो. कॅमेऱ्यात तो जुळवताना झेरॉक्सचा कागद वापरू नका. त्यात पांढरेपणासाठी घातलेल्या रसायनांमुळे तो निळसर असतो. राखाडी कार्ड मिळतं, ते घ्या.

काही झटपट गोष्टी

रिंग लाइट मेकअपच्या व्हिडिओला चांगला, कारण तो समोरून सगळ्या सावल्या पुसतो. मूर्तीचा घाट तर सावल्यांमुळेच दिसतो. वर प्रत्येक चकचकीत मण्यात एक गोल कडं उमटतं ते वेगळंच.

तीन लाइटचा संच सुरुवातीला नको. एक लाइट आणि एक पांढरा बोर्ड यावर महिनाभर काम करा. दुसरा लाइट हवा की नाही, हे तेव्हा कळेल. पापडासाठी तर एकच लाइट मागून आणि थोडा बाजूनं दिला की पोह्याच्या पापडाचा पारदर्शकपणा आणि जिऱ्याचा दाणा आपोआप उठून दिसतो.

स्टुडिओ फ्लॅश चांगला की सतत जळणारा एलईडी, हा वाद कॅमेऱ्यानं मिटवावा. मोबाइल वापरणार असाल तर एलईडीच. स्टुडिओ फ्लॅश मोबाइलच्या शटरशी सहसा जुळत नाही. कॅमेरा आहे आणि रोह्याच्या घरी लहान मुलांचे वाढदिवसाचे फोटो काढायचे आहेत, तर फ्लॅश उत्तम. त्याचा झोत इतका क्षणिक असतो की उडी मारणारं मूलही स्थिर येतं.

व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात तो कॅमेऱ्याचा दोष नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुधा पट्टे जातात. उजेड मंद करण्याच्या बटणामुळे येणारी फडफड मात्र अशी जात नाही, तो लाइटच बदलावा लागतो.

घ्यायचं काय?

पहिल्या खरेदीसाठी माझं मत स्पष्ट आहे: ६० वॅटच्या आसपासचा एक सीओबी (एकाच जागी चिप एकवटलेला) एलईडी, बोवेन्स माउंटचा. गोडॉक्सचा एसएल६०डब्ल्यू हा त्यातला ओळखीचा नमुना. बोवेन्स माउंट या ठरावीक जोडणीमुळे पुढे त्याच माउंटचा कुठल्याही कंपनीचा सॉफ्टबॉक्स त्यावर बसतो. सोबत ६० बाय ९० चा सॉफ्टबॉक्स, भक्कम स्टँड, त्याच्या पायावर ठेवायला वाळूची पिशवी. स्टँड कलंडून रंगवलेल्या मूर्तीवर पडला तर लाइटची किंमत विसरायला होतं. रंगीत आरजीबी लाइटवर पैसे घालवू नका, ते पैसे सॉफ्टबॉक्समध्ये घाला. मूर्तींचा मोसम ऐन पावसात येतो आणि तेव्हा वीजही जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा लाइट परवडत असेल तर अवश्य घ्या. थ्री-पिन प्लग आणि नीट अर्थिंग हवंच, ओल्या जमिनीवर तर नक्कीच.

खरेदीला मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जाणार असाल, तर कारखान्यातल्याच लाल, पिवळ्या आणि सोनेरी रंगांचे हात मारलेला एक पुठ्ठा बरोबर न्या. दुकानात लाइट लावून त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मग तोच पुठ्ठा दाराबाहेर सावलीत धरून दुसरा फोटो काढा. दोन्हींत लाल सारखा दिसला तरच लाइट बांधून द्यायला सांगा.