शेतातून जाणारी वाट

इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लंडन शहर उभे राहते. परंतु आपल्या देशाचा खरा जीव खेड्यांत आहे, असे तेथील लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. २०१६ साली जून महिन्यात मला अशा एका खेड्यात राहण्याचा योग आला. माझा मुलगा तेव्हा नोकरीनिमित्त ऑक्सफर्ड परगण्यात राहत होता.

गाव लहानसे होते. घरे दगडी, आणि काही घरांवर चक्क गव्हाच्या काडांचे छप्पर! आपल्याकडे पेंढ्याचे छप्पर ही गरिबीची खूण. चार पैसे हाती आले की माणूस कौले घालतो. तेथे नेमके उलट. घर शाकारणारे कारागीर आता थोडे उरले आहेत आणि त्यांची मजुरी भारी आहे. त्यामुळे असे छप्पर श्रीमंतालाच परवडते. गावाच्या मधोमध हिरवळ होती. तेथे रविवारी क्रिकेटचा सामना रंगे. एका बाजूस जुने चर्च, दुसऱ्या बाजूस पब. पब म्हणजे पेयगृह खरे. पण संध्याकाळी सारा गाव तेथे जमतो, म्हणून मी त्याला मनातल्या मनात चावडी म्हणत असे.

माणसे मात्र मितभाषी. आपल्यासारखे ‘काय, जेवलात का?’ म्हणत कोणी ओसरीवर येऊन बसत नाही. भेटले की हवापाण्याविषयी दोन शब्द बोलतात आणि पुढे जातात. शेजारच्या आजीबाईंनी आपल्या बागेतील स्ट्रॉबेरी आणून दिल्या, तोपर्यंत तिसरा आठवडा उजाडला होता!

एके दिवशी मी फिरावयास निघालो. रस्त्याच्या कडेला एक लाकडी फलक होता व त्यावर पिवळा बाण. बाण सरळ एका शेतात शिरत होता. शेत दुसऱ्याचे, गहू गुडघ्याच्या वर आलेला. पाऊल कसे टाकावे? मी थबकलो. इतक्यात मालकच समोरून आला. म्हणाला, “या ना, ही वाट सर्वांची आहे.”

मुलांनो, ही त्याची केवळ सौजन्याची भाषा नव्हती. तेथे अशा हजारो पाऊलवाटा आहेत. जमीन खाजगी असली तरी तिच्यावरून जाणारी वाट लोकांची, असा तेथील कायदा आहे. १९४९ साली झालेल्या कायद्याने या वाटांची नोंद करून त्यांचे नकाशे तयार करावयास लावले. पेरणीसाठी शेतकऱ्याने अशी वाट नांगरली, तर सामान्यतः पंधरवड्याच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. कुंपण आडवे आले तर ओलांडण्यासाठी लाकडी पायरी असते. आणि गावकरीही जागरूक! वाटेवर काटेरी झुडपे वाढली, फलक मोडला, की गावाच्या सभेत त्याचा जाब विचारला जातो. गावचा कारभार गावाने पाहावा म्हणून तेथे १८९४ साली ग्रामपरिषदा स्थापन झाल्या. आपल्याकडे ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ सालचा.

तेथे सारे आलबेल आहे, असे मात्र समजू नका. शहरातील धनिकांनी घरे विकत घेतल्यामुळे किमती इतक्या वाढल्या आहेत की, गावात जन्मलेल्या तरुणाला गावात घर मिळत नाही. गावातील दुकान बंद पडले होते. शेवटी गावकऱ्यांनीच पाळ्या लावून ते विनावेतन चालविले होते. एस. टी.ची वाट पाहून कंटाळणाऱ्यांनी तेथील बसची वाट एकदा पाहावी!

त्या शेतात उभा असताना मला उल्हास नदीकाठचे माझे गाव आठवले. बदलापूरपासून ते जवळच आहे. येथे शिवकाळात घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर, असे जुनी माणसे सांगत. १८५६ साली कल्याणहून पुढे लोहमार्ग आला, तरी भातखाचरे, राब भाजणे, सावडीने केलेली लावणी हे सर्व तसेच राहिले. पुढे मुंबई वाढत वाढत आमच्या बांधापर्यंत येऊन पोहोचली. २००१ साली लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ साली पावणेदोन लाखांच्या घरात गेली. येणाऱ्यांना मी दोष देत नाही. पलीकडचे उल्हासनगर तर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत वसविले. ज्यांचे गावच मागे राहिले, त्यांना गाव म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आणि गाव म्हणजे काय, ते २७ जुलै २०१९ रोजी साऱ्यांनी पाहिले. पुराच्या पाण्यात बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. गाडीत हजारावर प्रवासी होते. होड्या घेऊन सरकारी पथके आली, त्याचबरोबर आसपासच्या गावांतील माणसेही मदतीला धावली. अडकलेल्यांपैकी कोणी त्यांच्या ओळखीचे नव्हते.

माझ्या लहानपणी आमच्या आळीतून नदीवर जाणारी एक वाट होती. ती चार जणांच्या शेतांतून जाई. गुरे तीवरूनच पाण्यावर जात, बायका धुणे नेत, आम्ही मुले जांभळे पाडीत शाळेत जात असू. पुढे शेते विकली गेली, भूखंड पडले आणि एका सकाळी वाटेवर भिंत उभी राहिली. कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही; मुख्याध्यापक होतो, तरी बोललो नाही. तेव्हापासून शाळेत जाणारी मुले मालमोटारींच्या रस्त्याने लांबचा वळसा घालतात.

इंग्लंडहून परतल्यावर मी गावचा जुना नकाशा मिळविला. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवितात व पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने. तिची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. आमच्या आळीपासून नदीपर्यंत अशी एक एकेरी रेषा स्पष्ट दिसत होती. माझ्या नातीने तीवर बोट ठेवून विचारले, “आजोबा, मग भिंत कोणी मध्ये घातली?”

मी ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. खाली सह्या गोळा करण्याचे काम आळीतील मुलांनी अंगावर घेतले असून, काल सायंकाळपर्यंत एकेचाळीस सह्या झाल्या आहेत. सभा १५ ऑगस्टला, झेंडावंदनानंतर आहे.