शेतकऱ्याचे पाय आणि मधुमेह

शेती बैलांच्या व यंत्रांच्या बळावर होते असें आपण म्हणतों. परंतु औताच्या मागें चालणारे, रात्रीं पाण्याचें दारें धरणारे व राखणीस जाणारे पायच जर जागेवर नसतील, तर उत्तम जमीन, उत्तम बीं व मुबलक पाणी यांचा कांहीं एक उपयोग नाहीं. ह्या पायांवर अलीकडे एक मोठें संकट आलें आहे व तें अद्याप पुष्कळांच्या ध्यानांतहि आलेलें नाहीं. तें संकट म्हणजे मधुमेह. हा गादीवर बसून तूपसाखर खाणाऱ्या शहरी श्रीमंतांचा रोग, राबणाऱ्यास तो कोठून होणार, असा समज खेडोपाडीं दृढ आहे. हा समज चुकीचा असून त्यापायीं कित्येकांचे पाय, डोळे आणि शेवटीं जमिनीहि जात आहेत. सबब ह्या विषयाचा थोड्या विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक वैद्य नाहीं. महसुलाच्या कचेरींत कारकुनी करण्यांत त्याचें आयुष्य गेलें. परंतु सात-बाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' ह्या सदराखालीं बोजा कां चढतो, हें कारकुनाच्या कानीं लवकर येतें. लग्नकार्य, विहीर, नापिकी हीं कारणें सर्वांच्या परिचयाचींच आहेत. सेवेच्या शेवटच्या वर्षांत मात्र फेरफाराच्या निमित्तानें येणाऱ्या खातेदारांकडून "पाय काढावा लागला, दवाखान्यासाठीं तुकडा दिला," हें उत्तर वरचेवर ऐकूं येऊं लागलें. अशांपैकीं एका बागाइतदाराची हकीकत नमुन्यादाखल देतों. वय पन्नाशीच्या आंत, शरीर सडपातळ, कष्टाची संवय. सुगींत अनवाणी फिरतांना पायांत बाभळीचा कांटा मोडला. पण त्यास तो कळलाच नाहीं. आठ-दहा दिवसांनीं घाण सुटली तेव्हां घरच्यांनीं पाय पाहिला. प्रथम अंगठा गेला, मग पाऊल गेलें, आणि त्याबरोबर विहिरीलगतची वीस गुंठे जमीनहि गेली. आपणांस मधुमेह आहे, ही गोष्ट त्यास रुग्णालयांत दाखल झाल्यावर प्रथमच कळली. कांटा मोडला त्या दिवशीं त्यास दुखलें असतें तर पाय वांचता. वेदना ही शरीराची राखणदार आहे. मधुमेह त्या राखणदारासच अगोदर निजवतो.

रोगाचें स्वरूप

आपण खातों त्या भाकरी-भाताची पोटांत साखर होते व ती रक्तावाटें सर्व शरीरास पोंचते. पोटांत जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाचा अवयव आहे. त्यांतून इन्शुलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो आणि त्याच्या योगानें ही साखर स्नायूंत शिरते. शेतकऱ्यास हें पाटाच्या उदाहरणानें सहज समजेल. पाट भरून वाहत आहे, पण वाफ्याचें तोंडच उघडत नाहीं. मग पाणी पाटांत तुंबून कांठ फोडतें आणि वाफा मात्र कोरडाच राहतो. मधुमेहांत रक्त साखरेनें भरतें, शरीर उपाशी राहतें, आणि वाढलेली साखर हळूहळू रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांचे कांठ फोडीत जाते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडें, हृदय आणि पाय यांवर तिचा मारा होतो. क्षयरोग जडण्याचा धोकाहि मधुमेह्यास इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो.

हा रोग नवा नाहीं. मधुमेह हें नांव आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांतलेंच आहे; सुश्रुतसंहितेंत जन्मजात आणि अपथ्यानें होणारा असे प्रमेहाचे दोन भेदहि सांगितले आहेत. आजच्या वैद्यकाप्रमाणेंहि मुख्य प्रकार दोनच. पहिल्या प्रकारांत इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाहीं. हा बहुधा लहान मुलांत व तरुणांत दिसतो, आणि त्यास इन्शुलिन टोंचून घेण्यावांचून गत्यंतर नाहीं. दुसऱ्यांत इन्शुलिन असतें, पण त्याची मात्रा नीट चालत नाहीं व पुढें तें कमीहि पडूं लागतें. बहुसंख्य रोगी ह्या प्रकारचे असतात. इ. स. १८८९ मध्यें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग ह्यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढल्यास त्यास मधुमेह होतो असें दाखविलें. इ. स. १९२१ मध्यें कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट ह्यांनीं इन्शुलिन वेगळें काढलें आणि इ. स. १९२२ च्या जानेवारींत तें चौदा वर्षांच्या एका मुलास प्रथम दिलें गेलें. त्यापूर्वीं ज्या मुलांस मरण निश्चित होतें तीं जगूं लागलीं. शोधकांनीं आपले हक्क विद्यापीठास नाममात्र एकेका डॉलरास देऊन टाकले. बँटिंग ह्यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा इ. स. १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात.

राबणाऱ्यास हा रोग कां व्हावा ?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशांतील सर्व राज्यांत एक मोठी पाहणी झाली व तिचे आंकडे इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झाले. एक लाख तेरा हजारांवर प्रौढ माणसें तपासलीं गेलीं. देशांत सुमारें १० कोटी १० लाख मधुमेही असावेत, आणि १३ कोटी ६० लाख लोक रोगाच्या उंबरठ्यावर असावेत, असा अंदाज त्यांतून निघाला. मधुमेहाचें प्रमाण शहरांत शेंकडा १६.४ तर खेड्यांत ८.९ आढळलें. गोव्यांत तें सर्वांत अधिक, शेंकडा २६.४ होतें. यावरून शहर अद्याप पुढें आहे हें खरें. पण उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचें प्रमाण शहरांत व खेड्यांत जवळजवळ सारखेंच, शेंकडा पंधराच्या आसपास, निघालें. म्हणजे उद्यांचें पीक दोन्हींकडे सारखेंच उगवून आलें आहे.

सडपातळ माणसास हा रोग कां होतो, ह्याचा उलगडा होण्यास आपल्याच पुणें जिल्ह्यांतील खेड्यांचें साहाय्य झालें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गांवांतील गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा दीर्घ अभ्यास केला. ह्या बाळांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील बाळांचें ३.५ किलोच्या आसपास असतें. परंतु आश्चर्य असें कीं, आपल्या बाळांत स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानानें कमी नव्हती. पुढें इ. स. २००४ मध्यें याज्ञिक व त्यांचे इंग्रज मित्र युडकिन ह्यांनीं आपल्या दोघांचें मोजमाप छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण इंग्रज गृहस्थांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ ! तात्पर्य, वरून बारीक दिसणारा मनुष्य आंतून तसाच असतो असें नाहीं. त्यांत आतां नांगराऐवजीं ट्रॅक्टर, पायवाटेऐवजीं मोटारसायकल, आणि दिवसांतून पांच-सहा वेळां साखरेचा चहा. कष्ट कमी झाले, खाणें मात्र कष्टाच्या काळचेंच राहिलें.

तपासणी व औषध कोठें मिळतें

वारंवार लघवी, फार तहान, अकारण वजन घटणें, थकवा, जखम लवकर न भरणें हीं लक्षणें प्रसिद्ध आहेत. परंतु पुष्कळांस कित्येक वर्षें कांहींच लक्षण दिसत नाहीं. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानें त्रास नसतांहि तपासणी करावी. सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमाखालीं तीस वर्षांवरील सर्वांची रक्तशर्करा व रक्तदाब पाहण्याची योजना आहे. गांवच्या आशाताई ह्यासाठीं प्रश्नांचा तक्ता भरून घेतात. त्या घरीं आल्या असतां "आम्हांला कांहीं झालें नाहीं" म्हणून त्यांस परत धाडूं नये. उपकेंद्रें व प्राथमिक आरोग्य केंद्रें ह्यांपैकीं पुष्कळांस इ. स. २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असें नांव आहे. महाराष्ट्रांत सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनाशुल्क करण्यांत आले. बाहेरून औषध घ्यावें लागल्यास मेटफॉर्मिनसारखीं नेहमींचीं औषधें जनऔषधी दुकानांत बरींच स्वस्त मिळतात.

उपाशीपोटीं दर शंभर मिलिलिटर रक्तांत साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक भरली, व फेरतपासणींतहि तसेंच दिसलें, तर मधुमेह समजतात. एचबीएवनसी नांवाची दुसरी तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, ती ६.५ किंवा अधिक आल्यासहि हाच निर्णय होतो. एका दिवसाची साखर म्हणजे एका फेरीची पीकपाहणी, आणि ही दुसरी म्हणजे सबंध हंगामाची पैसेवारी. केवळ पहिलीवर विसंबून "साखर उतरली, गोळ्या बंद" असें करणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं दुसरीहि अवश्य पाहावी, आणि औषध आपल्या मनानें कधींहि सोडूं नये. डोळ्यांचा पडदा व लघवी हीं वर्षांतून एकदां तपासून घ्यावींत.

पायांची राखण

मधुमेह्यांचे जे पाय कापावे लागतात त्यांपैकीं शेंकडा ८५ च्या सुमारास प्रथम एका साध्या जखमेनें सुरू होतात. म्हणजे जखम टाळली तर बहुतेक पाय वांचतात. त्यासाठीं पुढील नियम पाळावे :

१. शेतांत, घरांत वा देवळाच्या वाटेवर अनवाणी चालूं नये. पाऊल झांकणारें, न चावणारें पादत्राण वापरावें व घालण्यापूर्वीं तें झटकून आंत हात फिरवावा.

२. रोज सायंकाळीं पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या, आणि तळवे उजेडांत पाहावे. स्वतः दिसत नसल्यास आरसा घ्यावा किंवा घरच्यांस पाहण्यास सांगावें.

३. डोळे मिटून बसावें व दुसऱ्यानें दोन्हीं पायांचा अंगठा, मधलें बोट व करंगळी यांच्या टोकांस हलकेंच बोट लावावें. सहांपैकीं दोन किंवा अधिक ठिकाणीं स्पर्श कळला नाहीं, तर पाय धोक्यांत आहे असें समजून डॉक्टरांस दाखवावा.

४. शेकोटीजवळ पाय धरूं नयेत, गरम विटेनें शेकूं नयेत, कुरूप पात्यानें कापूं नये. बधिर पायास भाजलेलें कळत नाहीं.

५. जखम झाल्यास बिबा, चुना किंवा पाला बांधूं नये. स्वच्छ पाण्यानें धुऊन स्वच्छ फडकें बांधावें व त्याच किंवा दुसऱ्या दिवशीं दवाखाना गांठावा. नांगरणी एक दिवस थांबते. पाय थांबला तर ती कायमची थांबते.

आहार, उपास व इन्शुलिन

गूळ साखरेपेक्षां निर्दोष, असें आपण ऊस पिकविणारे मोठ्या अभिमानानें सांगतों. परंतु मधुमेह्याच्या रक्तांत दोन्हींचें फळ एकच. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, पण तीहि मोजूनच. ताटांत भाजी, पालेभाजी व उसळ अधिक असावी. उपासाचा साबुदाणा, बटाटा व रताळें हीं साखर वाढवितात. उलट गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन निर्जळी केल्यास साखर एकाएकीं उतरते. घाम, थरथर, भोवळ, बोलण्यांत गोंधळ हीं तिचीं चिन्हें होत. अशा वेळीं तीन चमचे साखर पाण्यांत घालून लगेच प्यावी. मनुष्य बेशुद्ध असेल तर मात्र तोंडांत कांहीं न घालतां त्यास दवाखान्यांत न्यावें. रात्रीं एकट्यानें पाणी देण्यास जाणाऱ्या मधुमेह्यानें साखरेची पुडी सदऱ्याच्या खिशांत ठेवावीच.

इन्शुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवाव्या लागतात. बर्फांत गोठवूं नयेत. घरीं शीतकपाट नसेल किंवा वीज जात असेल, तर पाण्यांत ठेवलेल्या मातीच्या भांड्यांत, सावलींत व वाऱ्यावर बाटली ठेवल्यास उन्हाळ्यांतहि तिचें बरेंच रक्षण होतें.

"अमुक काढा घ्या, महिन्यांत मधुमेह कायमचा जाईल" अशा जाहिराती बाजाराच्या दिवशीं वांटल्या जातात. इ. स. १९५४ च्या औषधें व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) ह्या कायद्यानें ज्या रोगांच्या इलाजाची जाहिरात करण्यास बंदी आहे, त्यांच्या यादींत मधुमेहाचें नांव आहे. जाहिरातच बेकायदेशीर, तेथें औषधाची पत काय सांगावी ?

आपण काय करावें

एकट्यादुकट्यानें दवाखान्यांत जाऊन गोळ्या संपल्याचें ऐकून परत येणें हा नेहमींचा अनुभव आहे. हें काम मंडळीनें हातीं घेतल्यास निराळेंच वजन पडेल. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं मधुमेह्यांची गणती करून महिन्यास किती गोळ्या व इन्शुलिन लागतें याची लेखी मागणी केंद्राकडे द्यावी, आणि तिची एक प्रत ग्रामसभेंत वाचून इतिवृत्तांत नोंदवून घ्यावी. कागदावर आलेल्या मागणीस उत्तर द्यावें लागतें, हें कचेरींतील अनुभवावरून खात्रीनें सांगतां येतें. खरीप व रब्बी ह्यांच्या सभांच्या दिवशींच रक्त व पाय तपासण्याची व्यवस्था आरोग्य केंद्राकडून करवावी. म्हणजे वेगळा दिवस मोडणार नाहीं. बायकांस त्यांत अगत्यपूर्वक आणावें, कारण घरांतील सर्वांचें झाल्यावर स्वतःकडे पाहण्याची त्यांची रीत आहे, आणि पुढच्या पिढीचा पाया तर गरोदरपणींच घातला जातो.

आपण सारा मुदतींत भरतों, बांध वर्षास एकदां पाहतों, बैलांचे खूर पेरणीपूर्वीं तपासतों. तोच नियम आपल्या रक्तास व आपल्या पावलांस लावणें एवढेंच येथें मागणें आहे. ज्यानें हा लेख वाचला त्यानें आज रात्रीं दिव्याजवळ बसून आपले व घरांतील वडील माणसांचे तळवे पाहावे, आणि येत्या आठवड्यांत रक्त तपासून घ्यावें.