जालना रस्ता (छत्रपती संभाजीनगर)

जालना रस्ता हा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील सर्वाधिक वर्दळीचा पूर्व-पश्चिम मार्ग आहे. महावीर चौकापासून क्रांती चौक, मोंढा नाका, सिडको बसस्थानक चौक, मुकुंदवाडी व चिकलठाणा विमानतळ या क्रमाने तो केंब्रिज चौकाकडे जातो आणि पुढे शेंद्र्यावरून जालन्यास पोहोचतो.

शहराच्या पश्चिमेस वाळूज आणि पूर्वेस चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहती आहेत. कामगारांची वस्ती मात्र या दोन टोकांच्या मधल्या शहरात विखुरलेली आहे. त्यामुळे पाळी बदलण्याच्या वेळी कंपन्यांच्या बसगाड्या, मालमोटारी व दुचाकी एकाच रस्त्यावर येतात. उच्च न्यायालयाचे खंडपीठ, रुग्णालये व बाजारपेठाही याच मार्गावर असल्याने महामार्ग आणि शहराचा मुख्य रस्ता अशी दोन्ही कामे त्याला करावी लागतात. दक्षिणेकडील बीड वळणरस्ता हा पर्याय आहे. पण मधून मनमाड–काचीगुडा लोहमार्ग जातो आणि तो ओलांडण्याच्या संग्रामनगर, शिवाजीनगर, मुकुंदवाडी अशा मोजक्याच जागा आहेत.

कोंडी कमी करण्यासाठी क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल व सिडको चौक येथे उड्डाणपूल बांधण्यात आले. ते सलग नाहीत. अमरप्रीत व आकाशवाणी हे चौक पुलांच्या मध्ये जमिनीवरच राहिले. परिणामी एका पुलावर वाचलेला वेळ पुढच्या चौकात खर्ची पडतो.

उत्तरेकडून अजिंठा, सिल्लोड व फुलंब्रीमार्गे येणारा जळगाव रस्ता हर्सूलमधून शहरात शिरतो आणि सिडको बसस्थानक चौकात जालना रस्त्यास मिळतो. हर्सूल टी-पॉइंट येथे दिल्ली दरवाजाकडील रस्ता त्यास येऊन मिळतो. हर्सूलच्या पुढे सावंगी येथून केंब्रिज चौकाकडे जाणारा वळणरस्ता आहे. शेंद्रा किंवा जालन्याच्या जड वाहनांना त्यामुळे शहरात येण्याचे कारण उरत नाही. सावंगीजवळ समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोयही आहे. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना मनाई आहे.

या नव्या मार्गांनी लांब पल्ल्याची वाहतूक शहराबाहेर वळवता येते. जालना रस्त्यावरील गर्दीचा मोठा भाग मात्र शहरातच सुरू होऊन शहरातच संपणाऱ्या प्रवासाचा, म्हणजे घर ते कारखाना या फेऱ्यांचा आहे, आणि कामावर दुचाकीने जाणाऱ्याला वळणरस्त्याचा फारसा उपयोग नसतो.