घरचा तांदूळ आणि मुंबईची वेस

एकाच राज्याच्या दोन भागांमध्ये अन्नासाठी सीमा उभी राहते, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. पण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ च्या आरंभापासून स्कॉटलंडचा बियाण्याचा बटाटा त्याच राज्यातील उत्तर आयर्लंडास जाणे बंद झाले. पुढे १ ऑक्टोबर २०२३ पासून विंडसर करारान्वये वाट पुष्कळशी मोकळी झाली. तथापि दाखले आणि वेष्टनावरील चिठ्ठ्या काही सुटल्या नाहीत. आम्हां पेण-रोह्याच्या शेतकऱ्यांस मात्र यात नवल नाही. आमच्या वाडवडिलांनी असली सीमा उंबरठ्यापासून पाहिली आहे.

१९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ मुंबईस येईनासा झाला. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शहर जगविणे सरकारास प्राप्तच होते. त्याच वर्षी बंगालात माणसे उपाशी मेली, हे विसरून चालणार नाही. परंतु त्याचा भार कुलाबा जिल्ह्याच्या (आजच्या रायगडच्या) भातावर कसा पडला, ते पाहण्यासारखे आहे. खातेदाराचे क्षेत्र, घरची माणसे आणि पिकाची आणेवारी पाहून लेव्ही ठरे व ठरल्या दराने भात सरकारी गुदामात घालावे लागे. आम्ही महसुली खात्यात आयुष्य घालविले आहे. आणेवारीत एका आण्याचा फरक म्हणजे शेतकऱ्याच्या कणगीत किती फरक, हे आम्हांस वेगळे सांगावयास नको. खारबंदिस्तीच्या जमिनीत तर उधाणाने बांध फुटला की कागदावरील पीक शेतात नसे.

डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणे उठू लागली, १९४८ च्या अखेरीस पुन्हा आली आणि १९५४ मध्ये गेली. १९६४ मध्ये देशात पुन्हा राज्यवार धान्यविभाग पडले. ते १९७७ पर्यंत टिकले. १९६६ च्या शिधावाटप आदेशाने मुंबईच्या वेशीवर परवाना आला. रोह्याचा मुलगा लालबागेत गिरणीत राबतो, बाप घरी भात पिकवितो, आणि बापाचा तांदूळ मुलाच्या चुलीपर्यंत परवान्यावाचून जात नाही, अशी ती स्थिती होती. उघड गिऱ्हाइकास माल बाहेर नेता येत नसल्याने पिकविणाऱ्याकडे भाव पडे, खाणाऱ्याकडे चढे. मधला पैसा रात्री पिशव्या वाहणाऱ्यांच्या आणि डोळेझाक करणाऱ्यांच्या खिशात जाई.

राज्यघटनेच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशांतर्गत व्यापार मोकळा ठेवला आहे. पण टंचाईच्या प्रसंगी बंधने घालण्याची मुभाही पुढच्याच अनुच्छेदांत आहे. १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आजही लागू आहे व त्यात वाहतुकीवर परवाने लावण्याचा अधिकार सरकारास आहे. तो अधिकार नसावा असे आम्ही म्हणत नाही. तो वापरण्याची वेळ आली तर दर भात झोडण्यापूर्वी जाहीर व्हावा, परवाना तालुक्याला हेलपाटे न घालता गावातच मिळावा, आणि खातेदाराने आपल्या मुलाबाळांस पाठविलेला घरखर्चाचा तांदूळ बंदीतून वगळावा, एवढे तरी आजच मागून ठेवणे आमच्या मंडळींस शक्य आहे.