मदत घराच्या नावावर, मग मूल कुठे मोजायचं?

"आपत्तीनंतर मुलांपर्यंत मदत पोचली का?" हा प्रश्न संशोधनासाठी सोपा वाटतो. यादी मिळवायची, कुणाला काय मिळालं ते मोजायचं, झालं. मीसुद्धा असंच समजून एडवणला गेले होते. तिथे दोन दिवसांत माझी प्रश्नावली बाद झाली. का, ते सांगते. तुम्ही असा विषय घेणार असाल तर तुमचे काही महिने वाचतील.

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ पालघरच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं. वाड्यांमधली झाडं मोडली, घरांचे पत्रे उडाले. नंतर पंचनामे झाले. आता पंचनाम्यात काय लिहिलं जातं ते बघा: घर पूर्ण पडलं की अंशतः, किती झाडं गेली, बोट आणि जाळी असली तर त्यांचं काय झालं. म्हणजे नोंद मालमत्तेची होते. माझा पहिला प्रश्नही तसाच होता, "घराचं किती नुकसान झालं?" पानवेलीच्या वाडीत रोजाने जाणारी एक ताई म्हणाली, "घराला काय नाय झालं. पण वाडी पडली ना, मग दोन महिने कामच नव्हतं." वाडी मालकाची, पंचनामा मालकाचा. तिच्या मुलांच्या ताटातलं जे कमी झालं, ते कुठल्याच कागदावर नाही. माझ्या तक्त्यात तिच्यापुढे 'नुकसान: शून्य' असं आलं.

याला विश्लेषणाचं एकक म्हणतात. तुम्ही मोजता काय: घर, रेशनकार्ड, कुटुंब की मूल? संस्थांची धान्याची किटंसुद्धा बऱ्याचदा रेशनकार्डावर वाटली जातात. एका कार्डावर तीन भावांची कुटुंबं असली तरी किट एकच.

हे एडवणपुरतं नाही. किल्लारीचा भूकंप आठवा, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. नवीन घर किती मोठं मिळणार हे जमिनीवर ठरलं: भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. घरात मुलं किती, हा निकषच नव्हता. पाच पोरांचं भूमिहीन कुटुंब २५० फुटांत. अशा यादीवरून तुम्ही 'लाभार्थी' मोजलेत तर प्रत्येक घर एक, सगळे समान.

त्याच भूकंपात मूल हेच एकक धरणारं कामही झालं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे वाघोलीचं संकुल त्यातूनच उभं राहिलं. काम मोठंच, पण संशोधक म्हणून लगेच पुढचा प्रश्न पडतो: ही मुलं गावात राहिली असती तर त्यांचं काय झालं असतं? पुण्यात शिकून नोकरीला लागलेल्यांना भेटलात तर गोष्टी छान मिळतील, पण मधेच परत गेलेली मुलं त्या खोलीत नसणारच. शिवाय कुठलं मूल पाठवलं गेलं? ज्याच्या मामा-काकांनी हो म्हटलं ते. एकाच घरातला गेलेला भाऊ आणि राहिलेली बहीण यांची तुलना जास्त बरी वाटते, मात्र मुलीला घरकामासाठी ठेवून घेतलं असेल तर तीही तुलना तिरकी होते.

दुसरी वाट म्हणजे सीमारेषेवरची गावं. काही गावं हलवली, काही जागच्या जागी पुन्हा बांधली. नुकसान जवळपास सारखंच असलेली, पण रेषेच्या दोन बाजूंना पडलेली गावं घेतलीत तर तुलना बरीच रास्त होते. मात्र ती रेषा कोणी आणि कशावरून ओढली, हे आधी खोदून काढा.

एडवणला मी आता मुलापासून सुरुवात करते: वादळाच्या आधी आणि नंतरच्या महिन्यात हे मूल कुठे झोपत होतं, दिवसातून किती वेळा जेवत होतं, शाळा सुटली का, कामाला गेलं का. 'आधी'ची नोंद मिळणं सगळ्यात कठीण. एरवी अंगणवाडीतलं महिन्याचं वजन आणि शाळेची हजेरी हा खजिना असतो. पण मे २०२१ म्हणजे कोरोनाची दुसरी लाट. शाळा बंद, अंगणवाडीत वजनंही नेहमीसारखी होत नव्हती. काम गेलं ते वादळाने की निर्बंधांनी? नुसतं एडवण बघून हे सांगता येत नाही. म्हणून निर्बंध तेच, पण वारा कमी लागला अशी आतल्या बाजूची गावंही घ्यावी लागली, आणि माझं काम दुप्पट झालं. (मार्गदर्शकांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.)

अजून एक. वही उघडून नाव लिहायला घेतलंत की लोकांना वाटतं, काहीतरी मिळणार. मग उत्तरं बदलतात, नुकसान वाढतं, कधी पोरंही वाढतात. लबाडी म्हणू नका, मागच्या वेळी नाव लिहिणाऱ्याने खरंच ताडपत्री दिलेली असते. त्यामुळे संमतिपत्रातलं शेवटचं वाक्य मी आता सगळ्यात आधी मोठ्याने वाचते: या माहितीमुळे तुम्हाला कोणतीही मदत मिळणार नाही. काही जणी तिथेच दार लावून घेतात. त्यांचीही नोंद ठेवायची, घर क्रमांकासह, 'नकार' म्हणून.