लेखांक पाचवा : सेरेब्रल पाल्सी आणि ऊसतोडीचा हंगाम

वाढीचे टप्पे उशिरा गाठणाऱ्या मुलांचा विचार मागील लेखांकात झाला. त्या मुलांपैकी काहींच्या बाबतीत उशिराचे कारण सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, हे असते. गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात, मेंदूची घडण अजून चालू असताना त्याला इजा झाली किंवा त्याची रचनाच वेगळी झाली, तर हालचाल, तोल आणि शरीराची ठेवण यांवरील नियंत्रण कायमचे बिघडते, आणि या बिघाडालाच हे नाव आहे. जगभरातील पाहण्यांत दर हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांत ती आढळते. मेंदूतील मूळ इजा पुढे वाढत नाही. पण मूल वाढते, हाडे लांबतात, ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत, आणि म्हणून दोन वर्षांच्या मुलाचा वाकवता येणारा घोटा आठव्या वर्षी वाकेनासा होतो. इजा स्थिर आणि परिणाम मात्र वाढते, हे एवढे ध्यानात आले की उपचारात काळाला इतके महत्त्व का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सर्वाधिक मुलांमध्ये स्नायूंचा ताण वाढलेला असतो. दोन्ही पायांत, शरीराच्या एकाच बाजूला किंवा चारही हातापायांत. काहींमध्ये हातापायांच्या व चेहऱ्याच्या हालचाली इच्छेविरुद्ध होत राहतात, थोड्यांमध्ये तोलच बिघडतो. सोबत फेफरे, दृष्टिदोष, श्रवणदोष, गिळण्याचा त्रास किंवा बौद्धिक अक्षमता असू शकते, पण असतेच असे नाही. बोलणे अस्पष्ट असलेल्या अनेक मुलांची समज पूर्ण शाबूत असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब यांचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली, त्या काळी अशा मुलांसाठी देशात शाळाच नव्हत्या म्हणून. आणि या मुलीने पुढे उच्च शिक्षण घेऊन एका बोटाने टंकलेखन करीत आत्मचरित्र लिहिले.

कारणांचा वाद जुना आहे. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये या अवस्थेचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला, तर सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये असे मांडले की अवघड बाळंतपण हेच कित्येकदा गर्भातील आधीच्या बिघाडाचे लक्षण असते. पुढील संशोधनाने फ्रॉइड यांच्या बाजूला बरेच बळ दिले. तरीही आपल्याकडे जन्मताच बाळ न रडणे, दिवस पूर्ण होण्याआधीचा जन्म, नवजात काविळीची तीव्रता आणि मेंदूज्वर ही टाळता येण्याजोगी कारणे अजून मोठी आहेत. पहिल्या आठवड्यात अंगावरचा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर बाळाला कोवळ्या उन्हात धरून बसण्याची ती वेळ नसते. रुग्णालयातील प्रकाशोपचार त्याच दिवशी मिळाला, तर मेंदूची ही हानी बहुधा टळते.

टाळता येण्याजोगी ही कारणे अजून मोठी का, हे पाहताना बीड जिल्ह्यातील धारूरचा विचार करावा लागतो. बालाघाटाच्या रांगेतील या कोरडवाहू तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, त्यामुळे गरोदर बाईलाही खाडा परवडत नाही. मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरणे दिवस भरत येईपर्यंत चालते, तपासण्या चुकतात आणि बाळंतपण ओळखीचे रुग्णालय जवळ नसताना येऊन ठेपते. त्या आईला दोष देणे अन्यायाचे आहे. गावात नोंदवलेल्या गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड तिच्यासोबत फडावर जाणे आणि तेथील आरोग्य केंद्राने तिला आपल्या हद्दीतील बाई मानणे, हे व्यवस्थेचे काम आहे.

निदानासाठी चालण्याच्या वयापर्यंत थांबण्याची गरज नाही. चौथ्या महिन्यानंतरही मान न धरणे, मुठी सतत आवळलेल्या असणे, लंगोट बदलताना पाय फाकवता न येणे, उभे धरल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर जाणे, आणि वर्षाच्या आत एकच हात वापरणे, ही लक्षणे दिसताच तपासणी व्हावी. ‘याचा बापही उशिरा चालला होता’ हे घरातील वडीलधाऱ्यांचे वाक्य धीर देणारे असते, परंतु त्यात एक-दोन हंगाम निघून जातात. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी करतात. धारूरच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांकडे जाता येते.

मोठ्या हालचालींच्या क्षमतेनुसार या मुलांचे पाच स्तर मानले जातात. पहिल्यातील मूल आधाराशिवाय चालते, पाचव्यातील मुलाला मान सावरण्यासाठीही आधार लागतो. ही क्षमता बहुतांशी पाचव्या वर्षापर्यंत गाठली जाते, असे दीर्घकालीन अभ्यासांत दिसले आहे. याचा अर्थ पुढचे उपचार व्यर्थ असा मुळीच नाही, कारण आखडणे रोखणे, नितंबाचा सांधा निसटतो आहे का हे क्ष-किरणाने वेळोवेळी पाहणे, ताण कमी करणारी औषधे व इंजेक्शने, घोट्याचे स्प्लिंट आणि गरजेनुसार शस्त्रक्रिया यांची गरज पुढेही राहते. परंतु रोजचा उपचार घरातच होतो. ताठर पायांच्या बाळाला हातांवर आडवे न घेता, पाय फाकवून कडेवर बसवले, की मांडीच्या आतले स्नायू आपोआप ताणले जातात आणि बाळाला समोरचे जगही दिसते. भरवताना उताणे न निजवता पाठ सरळ आणि हनुवटी किंचित खाली ठेवली, की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. आईबाप फडावर आणि मूल आजीजवळ, अशी धारूरकडची रीत असल्याने फिजिओथेरपिस्टने हे आजीच्या हातून करवून घेतले पाहिजे. आईला दिलेला व्यायामाचा कागद आईबरोबरच फडावरच्या कोपीवर जातो.

हक्कांची बाजू कागदावर भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले की बहुतेक लाभ खुले होतात. म्हणून वैश्विक ओळखपत्र, ज्याला सर्वत्र यूडीआयडी कार्ड म्हणतात, ही पहिली पायरी. त्याची नोंद देशभर चालते, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला ही मोठी सोय आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो, तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणे बंधनकारक आहे. ग्रामसभेत या निधीचा हिशेब मागण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे आणि तो वापरला गेला पाहिजे.

याच अधिनियमाने ६ ते १८ वयोगटातील अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला गृहाधारित शिक्षणाचा पर्यायही दिला. मात्र हा पर्याय कुटुंबाने निवडायचा असतो, शाळेने सुचवून मोकळे व्हायचे नसते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या तरुणाला त्याची गरजही नसते, पण जिथे ती असते तिथे राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो.